पिठीचा वास पिठीत नव्हताच

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. बोरिवलीला तुमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, कुणाच्या तरी घरातून कुळथाच्या पिठीचा वास आला आणि तुम्ही थेट परळच्या चाळीत. वय सहा, आजी पाटावर, नळावर खेळून फ्रॉक ओला, बाहेर गिरणीचा भोंगा. डोळ्यांत पाणी आलं आणि लिफ्ट तुम्हाला न घेताच वर गेली. मग तुम्ही गावाहून पीठ मागवलं, आजी करायची तशीच पिठी केली. चव उत्तम झाली, पण ‘ते’ काही आलं नाही. असं का झालं? वासालाच हे कसं जमतं? पाच वर्षांच्या लेकीला तुमच्या घरातलं पुढे काय आठवेल? आणि कोविडनंतर वडिलांना वास येत नाही, त्याचं काय करायचं?

मी चौतीस वर्षं खाण्याच्या पदार्थांचे स्वाद तयार करण्याच्या धंद्यात काढली. माटुंग्याच्या यूडीसीटीत शिकले (आता तिचं नाव आयसीटी), आणि पुढे मुलुंड-भांडुप पट्ट्यात प्रयोगशाळेत बसून वास घेतले. आमच्या कामाला फ्लेवरिस्ट म्हणतात. माझी आई शेजारणींना सांगायची, ‘ती वास घ्यायला जाते.’ तेच खरं वर्णन. मी डॉक्टर नाही, तेव्हा वडिलांबद्दल जे सांगेन ते तेवढ्याच मर्यादेत घ्या.

पिठीपासून सुरू करते, कारण तिथे तुमचा जो घोटाळा झाला तो मी पोटासाठी वर्षानुवर्षं सोडवलाय. तुम्ही पदार्थ पुन्हा केलात. तुमच्या आठवणीत मात्र पदार्थाचा वास नव्हता, खोलीचा होता.

त्या खोलीत काय काय होतं बघा. दहा बाय बाराची खोली, स्वयंपाक जमिनीवर. वातीचा स्टोव्ह. रॉकेल पूर्ण जळत नाही, त्याचा एक तेलकट पदर सतत हवेत असतो, आणि फुंकर मारून स्टोव्ह विझवला की जो भपकारा येतो तो तर वेगळाच. कोपऱ्यात मोरी, तिच्यात ओलं तरटाचं फडकं. भिंतीला चुना, पावसाळ्यात त्याला ओल. दोरीवर कपडे, आणि कपड्यांत कालच्या बांगड्याची फोडणी मुरलेली. गॅलरीत कुणाचा तरी बंब, त्यात नारळाच्या करवंट्या. लाकूड किंवा करवंटी जळते तेव्हा तिच्यातलं लिग्निन फुटून ग्वायकॉल नावाचं रसायन निघतं; धुराला जो गोडसर, औषधी वास असतो तो बराचसा त्याचा. आणि या सगळ्याच्या मधोमध लोखंडी कढईत तापलेलं तेल, ठेचलेला लसूण, भाजून दळलेले कुळीथ आणि दोन कोकमं.

सहा वर्षांच्या मुलीला यातलं काही सुटं येत नाही. तिच्या डोक्यात हा सगळा एकच गठ्ठा बांधला जातो आणि त्यावर चिठ्ठी लागते: पिठी. चाळीस वर्षांनी तुम्ही गठ्ठ्यातली फक्त पिठी काढून मॉड्युलर किचनमध्ये, गॅसवर, नॉनस्टिक कढईत शिजवलीत. वर चिमणी लावली असणार. ती तर वास बाहेर फेकायलाच बसवलेली असते.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे नाकाची उंची. आजी जमिनीवर बसून रांधत होती आणि तुम्ही शेजारी बसला होतात. तुमचं नाक कढईपासून हातभर अंतरावर. फोडणीत लसूण पडल्यावर पहिल्या काही सेकंदांत गंधकाची जी हलकी रसायनं उडतात ती सरळ तुमच्या तोंडावर येत होती. आज तुम्ही ओट्यापाशी उभ्या असता, आणि चिमणी ती तुमच्यापर्यंत यायच्या आत खेचते.

मग लिफ्टपाशी ते का आलं? माझा अंदाज सांगते. त्या शेजाऱ्यांच्या दारातून आलेल्या वासात जिन्याची ओल होती, कुणाच्या तरी देवघरातली उदबत्ती होती, कदाचित कढईला थोडं लागलंही होतं. गठ्ठ्यातल्या दोन-चार काड्या जुळल्या, तेवढ्यावर मेंदूने बाकीचा गठ्ठा स्वतःच बांधला. शिवाय तुम्ही बेसावध होतात. घरी पिठी करताना तुम्ही वाट बघत होतात.

तुपाची एक गोष्ट सांगते. एका बिस्किटवाल्या गिऱ्हाइकाला ‘घरच्या तुपाचा’ स्वाद हवा होता. आम्ही तुपातली नेहमीची मंडळी गोळा केली. दुधाच्या चरबीतून येणारे लॅक्टोन, ते गोडसर आणि जरा खोबऱ्याकडे झुकणारे. मग मिथाइल कीटोन नावाची रसायनं, शिवाय भाजल्याचा थोडा खमंगपणा. नमुना सुरेख झाला. चाचणीला दहा-बारा जण बसवले. सगळे म्हणाले, छान, तूपच आहे. पण ‘घरचं’ कुणी म्हणेना.

मी घरी येऊन आईला विचारलं, तू तूप कसं कढवायचीस? ती म्हणाली, कसं म्हणजे काय, फ्रिज कुठे होता? रोजची साय विरजून लोणी काढायचं आणि आठवडाभर पाण्यात ठेवायचं, साठलं की कढवायचं. तिथे माझी ट्यूब पेटली. आठवडाभर ठेवलेलं लोणी आंबूस होतं. त्यात ब्युटिरिक आम्ल वाढतं. ते एकटं हुंगलं तर ओकारी यावी असं. आणि कढवताना तळाशी बेरी लाल होते, कधी करपते. दुसऱ्या दिवशी मी नमुन्यात नखभर आंबूसपणा आणि किंचित करपट घातलं. चाचणीतल्या एक पन्नाशीच्या बाई नमुना लावलेली कागदाची पट्टी नाकाशी धरून बसल्या त्या बसल्याच. शेवटी म्हणाल्या, ‘आमच्या घरी ना, बेरीत साखर घालून पोळीशी द्यायचे.’ गुण द्यायचा रकाना त्यांनी कोराच ठेवला.

बरेच लोक आजीचा वास शोधताना उत्तम साहित्याच्या मागे लागतात. लाकडी घाण्याचं तेल, सेंद्रिय कुळीथ, पितळी पातेलं. सगळं चांगलंच आहे. पण घराचा वास बहुतेकदा घरातल्या खोटीचा असतो: थोडं करपलेलं, थोडं आंबलेलं, थोडं ओलं, थोडं धुरकट.

आता नाकाचं यंत्र बघू. नाकाच्या पोकळीत अगदी वर, दोन्ही भुवयांच्या मधल्या पातळीवर, काही चौरस सेंटिमीटरचा एक पातळ पडदा आहे. त्यात वास ओळखणाऱ्या पेशी असतात. माणसात या पेशींवरच्या ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. ग्राहक म्हणजे कुलूप समजा, उडून आलेला रेणू ही किल्ली. एक रेणू अनेक कुलपांत थोडाथोडा बसतो आणि एक कुलूप अनेक किल्ल्यांना दाद देतं, म्हणून चारशे कुलपांतून असंख्य वास वेगळे कळतात. ही ग्राहकांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये दाखवली, त्यासाठी २००४ चं नोबेल त्यांना मिळालं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच्या पुढच्या टप्प्यात आहे. डोळा आणि कान यांचे निरोप मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर जातात आणि तिथून पुढे वाटले जातात. वासाचा निरोप या ठाण्यावर थांबत नाही. नाकातून घ्राणकंदात, म्हणजे मेंदूच्या वास घेणाऱ्या भागात, आणि तिथून जवळजवळ सरळ अमिग्डालाकडे, जिथे भावनांचा कारभार चालतो, आणि हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या भागाकडे, जिथे आठवणींची नोंद होते. चाळीच्या भाषेत सांगायचं तर बाकीची इंद्रियं ऑफिसात चिठ्ठी पाठवून बाहेर बसतात आणि वास मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात शिरतो. म्हणून आधी डोळे भरून येतात आणि ‘अरे, ही पिठी’ हे मागाहून सुचतं. तुमचंही तसंच झालं असेल, आठवून बघा.

आणखी एक: आपण ज्याला चव म्हणतो तो बराचसा वासच असतो. नाक चिमटीत धरून चिमूटभर बडीशेप चावा. जिभेला जरासा गोडवा लागेल, बस्स. नाक सोडा, बडीशेप एकदम येईल. घास चावताना घशाच्या मागून हवा नाकात वर चढते, तो रस्ता तुम्ही बंद केला होता. उग्र वासाचं औषध नाक दाबून घेतलं की सोपं जातं, त्यामागे हेच शास्त्र आहे.

बालपणच का? स्टॉकहोममध्ये विलँडर आणि लार्सन या दोन संशोधकांनी ६५ ते ८० वयाच्या लोकांना काहींना शब्द दिले, काहींना चित्रं दाखवली, काहींना वास दिले, आणि काय आठवतं ते सांगायला लावलं. शब्द आणि चित्रांनी आलेल्या आठवणी जास्त करून अकरा ते वीस वयाच्या होत्या. वासाने आलेल्या दहा वर्षांच्या आतल्या. हा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. त्याचं एक कारण असं मानतात की वासाला पहिल्यांदा जी गोष्ट चिकटते ती घट्ट चिकटते, नंतरची तितकी चिकटत नाही. आणि बहुतेक घरगुती वास आपल्याला पहिल्यांदा भेटतात ते दहाच्या आतच.

एक सावधगिरीही सांगून ठेवते, कारण लोक वासाच्या आठवणीला कोर्टातल्या साक्षीसारखं मानतात. वासाने येणारी आठवण जास्त भावुक असते, जास्त जिवंत वाटते, पण जास्त अचूक असतेच असं नाही. भोंगा खरंच त्याच दिवशी वाजला होता का, फ्रॉक खरंच ओला होता का, यावर बहिणीशी भांडू नका.

नाकाशी आलेल्या वासाला आपल्याला नाव देता येत नाही, हे तुम्हीही लिहिलंय. ‘माहितीये, माहितीये, पण काय ते सुचत नाही.’ सगळ्यांचंच असं होतं. जीभेच्या टोकावर शब्द अडकतो तसा हा नाकाच्या टोकावर अडकतो. यात आपली मराठी मात्र श्रीमंत आहे असं मला कायम वाटत आलंय. पुष्कळ भाषांत ‘अमक्यासारखा वास’ म्हणून भागवावं लागतं. आपल्याकडे खमंग आहे, खरपूस आहे आणि या दोन्हींत फरक आहे. बेसन मंद आचेवर भाजताना आधी खमंग येतं, खरपूस नंतर आणि करपट त्याच्याही पलीकडे. जुन्या शेंगदाण्याचा खवट, बंद कपाटाचा कुबट, मासळीच्या भांड्याचा वशाट, ताकाचा आंबूस. फोडणीत मिरची जळली की खकाणा. मलेशिया-थायलंडच्या सीमेवरच्या जंगलात राहणाऱ्या जाहाई लोकांच्या भाषेत वासांसाठी असेच स्वतंत्र शब्द आहेत आणि ते लोक रंग सांगावा तितक्या सहज वास सांगतात, असं अभ्यासात दिसलंय. मी नव्या मुलांना शिकवायचे तेव्हा आधी इंग्रजी शब्द विसरायला लावायचे. ‘नटी’ म्हणून काय कळतं? खमंग की खवट ते सांग.

हा खमंगपणा म्हणजे मेयार अभिक्रिया. फ्रेंच रसायनतज्ज्ञ लुई-कामी मेयार याने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं: साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेने एकमेकांना भिडतात, तांबूस रंग येतो आणि शेकडो नवे वास जन्माला येतात. भाजलेल्या शेंगदाण्यातले, भाजणीतले, तुमच्या कुळथातले पायराझिन नावाचे रेणू त्यातलेच. पाण्याच्या उकळीला, म्हणजे शंभर अंशांना, ही अभिक्रिया फार मंद चालते, १४०च्या पुढे जोर धरते. म्हणून शिजवलेल्या डाळीचा घमघमाट सुटत नाही, भाजलेल्या डाळीचा सुटतो. आंबेमोहोर आणि बासमतीचा वास मात्र भाजण्याचा नाही. तो २-ॲसिटिल-१-पायरोलीन या रेणूचा, आणि हाच रेणू मक्याच्या लाह्यांतही असतो. सिनेमागृहात मध्यंतरात पॉपकॉर्नचा वास आल्यावर मामाच्या घरचा भात आठवला असं कुणी सांगितलं तर हसू नका.

हापूसचंही असंच. मे महिन्यात चाळीत पलंगाखाली पेंढ्यात आंब्यांची अढी लावलेली असायची आणि आम्ही त्यावरच झोपायचो. पिकत चाललेल्या हापूसमध्ये लॅक्टोन वाढतात, तुपातल्या त्या लॅक्टोनांचेच भाऊबंद. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत यावर बरंच काम झालंय. पण माझ्या डोक्यातल्या हापूसमध्ये पेंढा आहे, पेटीचं लाकूड आहे, गादीचा कापूस आहे. आज पुठ्ठ्याच्या खोक्यातून येणारा आंबा गोड असतो, मी आवडीने खाते, आणि मला काहीही आठवत नाही.

मुंबईत तर अख्ख्या वस्त्यांना वास होते. विलेपार्ल्याचं स्टेशन आलं हे डोळे मिटलेल्या माणसालाही कळायचं, कारण भाजत्या बिस्किटांचा वास डब्यात शिरायचा; १९२९ मध्ये सुरू झालेला तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. वरळी-वर्सोव्याच्या कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील वाळतात, तो वास पाहुण्याला नकोसा आणि तिथल्या पोरांना माहेरचा. लालबागच्या गल्लीत एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचा मसाला कुटायला बाया रांग लावतात, तिथून जाताना शिंकल्याशिवाय कुणी सुटत नाही. पावाच्या भट्ट्यांचं मात्र आता बदलतंय. २०२५च्या सुरुवातीला उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हवेसाठी ते योग्यच, माझ्या नातवाच्या छातीला तर नक्कीच. पण विजेच्या भट्टीतल्या पावात ग्वायकॉल नसणार, एवढं मी लिहून देते.

आता माझी स्वतःची फजिती. माझे वडील गिरणीत होते. संध्याकाळी त्यांचा रिकामा डबा घासायला मी उघडायचे, त्यात एक वास असायचा: पोळीची कोंदलेली वाफ, कांदा, मशीनचं तेल आणि कापसाची पूड. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डबा फळीवर गेला आणि पुढे त्यात आई बटणं ठेवायला लागली. वडील गेल्यानंतर काही वर्षांनी मी प्रयोगशाळेत सुट्टीच्या दिवशी बसून तो वास बांधला. मला येत होतं ते. कांद्यासाठी डायसल्फाइड, पोळीसाठी भाजलेल्या गव्हाचा अर्क, खनिज तेलाचा एक थेंब, थोडी धूळ. बरोबर झाला होता. भावाला पट्टी हुंगायला दिली तर तो लगेच म्हणाला, ‘बाबांचा डबा.’ मला मात्र काही म्हणजे काही झालं नाही. दिवसभर एकेक भाग सुटा हुंगून नाक निबर झालं होतं, आणि हाताने जोडलेल्या गोष्टीचं कौतुक वाटतं, आठवण येत नाही.

मग कधीतरी मशीद बंदरला कामासाठी गेले होते. स्पेअर पार्टच्या दुकानाच्या पायरीवर एका हमालाने डबा उघडला. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. मागून हातगाडीवाला ओरडतोय, ‘बाई, साइड, साइड!’ आणि मला ऐकूच येत नाही.

म्हणून तुम्हाला सल्ला आहे तो असा. पिठी दर आठवड्याला करू नका. रोज येणारा वास झिजतो. पहिल्या आठवणीवर दुसऱ्या शंभर आठवणींचे थर बसतात. चकलीची भाजणी, हळदीच्या पानातले मोदक, मेमधला मसाला हे वास इतके खोल का रुततात? वर्षातून एकदा येतात आणि घर तेव्हा माणसांनी भरलेलं असतं म्हणून. आणि करायचीच असेल तर पावसाळ्यात करा, लोखंडी कढईत, चिमणी बंद ठेवून. लसूण सुरीने न कापता ठेचा. पेशी चिरडल्या की त्यातली रसायनं मोकळी होतात. पीठ घातल्यावर तळाला किंचित लागू द्या. आणि मग घराबाहेर पडा. खरंच. खाली जाऊन दहा मिनिटांनी परत या. सतत येणारा वास नाक मिनिटांत बंद करून टाकतं, म्हणून आपल्या घराचा वास आपल्याला कधी येत नाही, गावाहून परतल्यावर दार उघडताना तेवढा क्षणभर येतो. तो क्षण जिन्यातच मिळतो.

सगळेच वास गोड आठवणी आणत नाहीत हेही लक्षात असू द्या. आमच्या वाडीतल्या किराणा दुकानदाराच्या दुकानात २६ जुलै २००५ च्या रात्री कमरेएवढं पाणी होतं. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. चार दिवसांनी शटर उघडलं तेव्हा भिजून आंबलेल्या गव्हाच्या पोत्यांचा जो वास आला, त्यानंतर त्यांना इडलीचं आंबलेलं पीठ सहन होत नाही. बायकोला वाटतं नखरे करतात.

लेकीचं काय? तुम्ही निवडू शकत नाही, याची आधी मनाची तयारी करा. तुम्ही हौसेने पुरणपोळी कराल आणि तिला आठवेल कुकरची रबरी रिंग तापल्याचा वास, मिक्सरची गरम झालेली मोटर, डब्यातली थंड झालेली सँडविच, पाळणाघराची फिनाइल. तिच्यासाठी तेच परळ. काही गोष्टी तर आधीच झाल्यात. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत २००१ मध्ये छापलेला एक प्रयोग आहे: गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना ज्या आयांनी गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीच्या खिमटीला कमी तोंडं वाकडी केली. तुम्ही सातव्या-आठव्या महिन्यात सोलकढी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली असेल तर लेकीची ओळख तेव्हाच झालेली आहे. तुमच्या हातात एवढंच आहे की स्वयंपाक चालू असताना तिला मोबाइल देऊन हॉलमध्ये बसवू नका. लसूण सोलायला द्या, वाटणाचा वास घ्यायला द्या, हे खमंग की करपट ते विचारा. सांडेल, वेळ जाईल, तो जाऊ द्या.

वडिलांबद्दल. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. कोविडचा विषाणू मुख्यतः वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो, आणि वासाच्या पेशी स्वतः आयुष्यभर नव्याने बनत राहतात, म्हणून महिन्यांनी किंवा वर्षांनीही सुधारणा होऊ शकते. पण वास हळूहळू, कोविडशी संबंध नसताना जात गेला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. पार्किन्सन्स आणि अल्झायमर्समध्ये हे लवकर दिसणारं लक्षण असू शकतं.

कांदा, लसूण, कॉफी यांचा कुजका किंवा जळका वास येतो असं ते म्हणाले तर घाबरू नका. परत जोडणी होताना तारा अशा चुकीच्या लागतात, बऱ्याच जणांना हा टप्पा येतो. त्या दिवसांत फोडणीऐवजी थंड, साधं द्या: दहीभात, काकडी, केळं. जेवण कमी होऊ देऊ नका.

घरी करता येईल ते म्हणजे वासाचा व्यायाम. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये तो मांडला: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, चार वास, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. चार छोट्या बरण्या घ्या, कापसाच्या बोळ्यावर तेलाचे दोन-तीन थेंब. लवंग कुटून ठेवली तरी चालेल. प्रत्येक बरणी पंधरा-वीस सेकंद, हळू, छोटे छोटे श्वास. आणि हुंगताना त्या वासाचं काही आठवायला सांगा. लिंबू हुंगताना वाडीतलं सरबत, लवंग हुंगताना दुखरी दाढ. माझ्या ओळखीत काहींना गुण आला, काहींना नाही, पण घाईने दोन आठवड्यांत सोडणाऱ्यांना कुणालाच आला नाही. चारांत पाचवी बरणी त्यांच्या आवडीची ठेवा. तुम्ही परळचे म्हणता, म्हणजे मालवणी मसाला नक्कीच घरात असेल.

आणि हे सगळं करायच्या आधी, आजच, स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म बसवून घ्या. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात, आणि वडिलांना तेच येत नाही. उतू गेलेलं दूध आणि शिळी आमटीही त्यांना कळणार नाही, तेव्हा फ्रिजमधल्या डब्यांवर तारखेची चिठ्ठी लावायची सवय लेकीला लावा. पाचव्या वर्षी आकडे येतात.